माझ्या नावाचे ड्रम्स

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हे हाताने सवयीने लिहून टाकलं. खोडलं असतं, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड मला बघवत नाही, म्हणून राहू दिलं. त्यावरून माझा राग उतरलाय असा सोयीचा अर्थ काढू नकोस.

पाच आठवडे मी तुझा फोन उचलला नाही. तू दारात येऊन बेल वाजवत होतास तेव्हा मी घरातच होते. दिवाही बंद केला नव्हता, आणि मी आत आहे हे तुला कळावं म्हणूनच केला नव्हता. आता मी बोलणार आणि तू ऐकायचंस. फोनवर ‘ताई, ऐक ना, ताई, ऐक ना’ करत तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नसतंस. आवाज रेकॉर्ड करून पाठवला असता तर तुझा काय भरवसा? तो संगणकात घालून माझा चढलेला स्वर खाली आणला असतास, अडखळलेले शब्द सरळ केले असतेस, आणि वर मलाच ऐकवून म्हणाला असतास, बघ, किती छान बोललीस. कागदावर तुझी ही कारागिरी चालत नाही. पत्र अर्ध्यावर फाडावंसं वाटेल. फाड खुशाल, पण शेवटचं पान वाचल्यावर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. संगणकात भरलेल्या ड्रम्सवर माझा राग नाही. लोकांना वाटतं, ड्रम्स वाजवणारी बाई म्हणजे यंत्राला पाण्यात पाहणारच. तसं काही नाही. एखादा माणूस एकटाच मेटल संगीत करतो, दोन खोल्यांत राहतो. ड्रम्स ठेवायला त्याच्याकडे जागा नाही, ते रेकॉर्ड करायला लागणारे आठ-दहा माइक नाहीत आणि तो दणका सहन करतील असे शेजारी तर कोणाच्याच नशिबी नसतात. तो गिटार स्वतः वाजवतो, ड्रम्सचा एकेक ठोका माऊसने टिपत संगणकात भरतो आणि रेकॉर्डवर सरळ लिहितो, ड्रम्स प्रोग्रॅम केलेले आहेत. त्याला माझा नमस्कार. तूही आपली गाणी तशीच बांधायचास. घरी गिटार वाजवायची, तिला कामचलाऊ ठोके जोडायचे आणि मला पाठवायचे. मी त्याला तुझं बाहुलीघर म्हणायचे आणि तू हसायचास. आपलं ठरलेलं होतं की शेवटी बाहुल्या उचलून ठेवायच्या आणि तिथे खरं माणूस बसवायचं. ते माणूस मी होते.

त्यासाठी सात महिने मी गालिच्यांच्या गोदामामागच्या त्या खोलीत घाम गाळला. दिवसभर वर्कशॉपमध्ये चष्म्याच्या काचा घासायच्या आणि सुटले की तिथे. आठ गाणी, दोन्ही पायांखाली दोन पेडल, मोठ्या ड्रमवर मिनिटाला दोनशेवीसच्या चालीने सारखा मारा. मग रेकॉर्डिंगचे ते दोन दिवस आले. आपण गुंडाळलेले गालिचे भिंतींना उभे केले, तू गुडघ्यांवर रांगत माइक लावलेस, वायरी जमिनीला टेपने चिकटवल्यास. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं गाणं संपवून मी हेडफोन काढला आणि विचारलं, कसं झालं? तू संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून बसला होतास. म्हणालास, एक नंबर, ताई. माझ्याकडे बघितलं नाहीस. आपला गाणारा गुरगुऱ्या तुझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होता, त्याला तू घाईघाईने चहा आणायला पिटाळलंस. मला वाटलं, माझा धाकटा भारावला असेल. इतकी दुधखुळी मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालेली नाही.

तीन महिन्यांनी रेकॉर्ड आली. मी ती पहिल्यांदा काच घासायच्या मशीनवर बसून ऐकली, एका कानात. वाटलं, फार स्वच्छ झालंय, पण असेल बाबा तुझी सफाई. सहाव्या गाण्यात मध्यावर हात थांबले. तिथे उजवा हात मोठ्या झांजेवर आहे, डावा समोरच्या स्नेअर ड्रमवर आहे, दोन्ही पाय खाली मोठ्या बेस ड्रमवर गुंतलेले आहेत, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला ड्रम, फ्लोअर टॉम, तोही दणकन वाजतो. मग तो वाजवला कोणी? चार वेळा मागे नेऊन ऐकलं. सहा तारांचा हिशोब तुला तोंडपाठ आहे, माणसाला हात किती असतात एवढंच ठाऊक नाही. ज्याने आयुष्यात कधी ड्रम्सच्या मागे बूड टेकलं नाही, त्याच्याच हातून ही चूक होते. ते तुझं बाहुलीघर होतं, पहिल्या गाण्यापासून आठव्यापर्यंत. माझे दोन दिवस त्यात कुठेच नव्हते. आणि कव्हरच्या मागे छापलेलं होतं, ड्रम्स, आणि पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

मी तुला तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं, ही चूक माझ्या पदरात घाल. पण का नाही विचारलं तेही ऐक. विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास याची मला भीती वाटली. मला वाटलं, मी वाईट वाजवलं असणार, इतकं वाईट की सख्ख्या भावालाही ते वापरवलं नाही. त्यात लोक कौतुक करायला लागले. वर्कशॉपवाल्या काकांचा पुतण्या दुकानात येऊन म्हणाला, तुमचे पाय आहेत की मशीन? मी हसले. काय करणार? झाकली मूठ ठेवली. त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या नावावर जे छापलंय ते आपल्याला वाजवता आलंच पाहिजे. मग खोटं काही उरणारच नाही. चौदा महिने, धाकट्या. आठवड्याचे सहा दिवस. तू माऊसने टिपलेले ठोके मी कानात लावायचे आणि त्यांच्या मागे धावायचे. तुझ्या यंत्राला दम लागत नाही, मला लागायचा. पाय दुखले की मी ते आळशी झालेत असं समजायचे आणि अर्धा तास वाढवायचे.

पाय नुसते दुखतच नव्हते. उजव्या पायाचा चवडा वर उचलला जाईना. पेडलवरून बोटं घसरायची. मी बूट बदलले, मग पेडलची स्प्रिंग बदलली, मग बुटाला इलॅस्टिकचा पट्टा शिवून पाय वरून ओढून धरला. माझी मीच कौतुकाने पाठ थोपटून घेतली, काय डोकं लढवलंय म्हणून. वर्कशॉपच्या त्या एवढ्याशा पायरीला मी महिन्यातून तीनदा अडखळायला लागले. काका म्हणाले, दुसऱ्यांचे चष्मे करतेस, एक स्वतःला कर. सगळे हसले, मीही हसले. तिसऱ्या वेळी हातात ट्रे होता. अकरा काचा फुटल्या. काकांनी दुसऱ्या दिवसापासून मला गिऱ्हाइकांच्या समोर, काउंटरवर बसवलं. हे तुला मी सांगितलं नव्हतं. तुला सांगण्यासारखं आपल्यात तेव्हा काही उरलंच नव्हतं.

मग तो कार्यक्रम. तुला वाटत असेल, मी तमाशा केला. एकदा माझ्या स्टुलावर बसून बघ. हॉल भरलेला, गुरगुऱ्या पुढे माइक खाणार की काय अशा बेताने गुरगुरतोय. हा माणूस शाळेत भूमिती शिकवतो आणि वर्गात कोणाला ‘अरे’ सुद्धा म्हणत नाही, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. तिसऱ्या गाण्यात माझा उजवा पाय गेला. दुखला नाही, मुंग्या आल्या नाहीत, नुसता गेला. मी म्हटलं त्याला, ऊठ, आणि तो उठेना. डाव्याने रेटायला बघितलं, तोही रुसला. मी दोन्ही पाय पेडलवरून काढून जमिनीवर ठेवले. आणि बेस ड्रम वाजतच राहिला.

माझ्या ढुंगणाखालचं स्टूल त्या ठोक्यांनी हादरत होतं. माझ्या समोरचा ड्रम गप्प होता, त्याची कातडी हलत नव्हती, आणि स्पीकरमधून मिनिटाला दोनशेवीस ठोके दोनशे माणसांच्या छातीवर आदळत होते. लोक माझ्याकडे बघून मुठी उंचावत होते. मी तुझ्याकडे बघितलं. तू गिटारवर मान घालून उभा होतास, पण तुझे कान लाल झाले होते. लहानपणापासून चोरी पकडली की तुझे कानच आधी कबुली देतात. म्हणजे स्टेजवरसुद्धा तू मला बाहुलीसारखं मांडलं होतंस. मी हात हलवायचे आणि खालचं तू संगणकातून पुरवायचंस. किती कार्यक्रम चाललं होतं हे? चार की पाच? प्रत्येक वेळी घरी जाऊन मी खूष व्हायचे की आज पाय बरे चालले. मी काठ्या स्नेअरवर ठेवल्या आणि मागच्या दाराने निघून गेले. तुझा ड्रम मी दार लावेपर्यंत वाजत होता. मला त्या क्षणी तू मेलास तरी चाललं असतं. लिहायला नको, पण वाटलं ते लिहितेय.

पुढच्या रविवारी गुरगुऱ्या घरी आला. खुर्चीच्या अगदी टोकावर बसला, पाणी प्यायला, आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. माझे दोन दिवस त्यात होते, सगळे माइक, सगळी आठ गाणी. तू पुसून टाकायला सांगितलं होतंस, त्याने टाकलं नव्हतं. मग त्याने सगळं सांगितलं. बारीक आवाजात, भूमितीच्या सरांसारखं, आधी पक्ष आणि मग साध्य. तुला सगळं त्या दुपारीच दिसलं होतं. तू त्याला जिन्यात गाठून म्हणाला होतास, ताईच्या पायांना काहीतरी होतंय, पण तिला बोलू नकोस, खचेल ती.

पेन ड्राइव्ह त्यानेच त्याच्या संगणकावर उघडून दाखवला. पडद्यावर तालाच्या उभ्या रेघा आणि त्यांच्यावर माझे ठोके. पहिल्या गाण्यात उजव्या पायाचा प्रत्येक ठोका रेघेवर. तिसऱ्यात किंचित उजवीकडे सरकलेला, म्हणजे उशिरा. पाचव्यात आणखी. आठव्यात तर दर चौथा ठोका नुसता पुसट डाग, पाय उठलाच नव्हता. हात मात्र सगळीकडे बिनचूक. हातांचं एकही टिंब रेघेवरून ढळलेलं नाही. म्हणजे मी वाईट वाजवलं नव्हतं! चौदा महिने मी स्वतःला ज्याबद्दल फटके मारत होते ते मुळात झालंच नव्हतं. माझा पाय आजारी पडत होता आणि तो कसा पडतोय त्याची रेघारेघांनी आखलेली चिठ्ठी तुझ्या पडद्यावर होती. आणि तू काय केलंस? आजारी पाय पुसून त्या जागी निरोगी पाय काढलास. वर माझं नाव लिहिलंस. तुला वाटलं, ताईला सांभाळलं. तू रेकॉर्ड सांभाळलीस, धाकट्या. त्याहून जास्त सांभाळलास तो स्वतःचा जीव, कारण मला समोर बसवून ‘तुझ्या पायाला काहीतरी होतंय’ एवढे शब्द उच्चारायची तुझी छाती नव्हती. दया म्हणे. असली दया शत्रूवरही होऊ नये.

त्या रेघांचे कागद छापून घेऊन मी डॉक्टरीण बाईंकडे गेले. त्यांनी ते दोनदा बघितले. म्हणाल्या, आम्हाला सुया टोचून जे मोजावं लागतं ते तुमच्यापैकी कोणीतरी आधीच मोजून ठेवलंय, तारीख कधीची आहे? मी तारीख सांगितली. मग त्यांनी सुयाही टोचल्या, नसांतून करंटही सोडला, आणि सांगितलं. पायांच्या नसा हळूहळू झिजत जातात, स्नायू सुकत जातात, पुढे हातांवरही येतं. याला औषध नाही. पण लवकर कळलं तर योग्य व्यायाम, पायात पट्टी, नीट बूट, आणि कशावर किती भार टाकायचा नाही याचं वेळापत्रक, एवढ्यावर माणूस पुष्कळ वर्षं चांगली काढतो. मी विचारलं, आणि समजा कोणी चौदा महिने रोज दोन तास त्याच पायांना यंत्राच्या वेगाने झोडपलं तर? त्या म्हणाल्या, असं कोण करेल? मी कागद पिशवीत घातले. माझा उजवा चवडा आता परत येणार नाही. दोन पेडल वाजवणं संपलं. हात अजून आहेत, आणि मी ते वाजवणार आहे, कोणाबरोबर ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही. पुढच्या छपाईत माझं नाव काढ आणि खरं काय ते लिही. नाही लिहिलंस तर मी स्वतः जाहीर लिहीन. गुरगुऱ्या साक्षीला आहे.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. पाच आठवड्यांची पन्नास वर्षं झाली असती, मी तुझं तोंड बघितलं नसतं. पण डॉक्टरीण बाईंनी शेवटी विचारलं, घरात आणखी कोणाला? मी नाही म्हणणार होते. मग बाबा आठवले. त्यांची चालताना फटक फटक पडणारी पावलं, पायातून निसटणारी चप्पल, आणि आपण दोघं त्यांच्यामागे तसंच चालून दाखवायचो आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. त्या म्हणाल्या, हे बापाकडून मुलांत येतं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि त्या मुलाकडून पुढे त्याच्या मुलांत. मला मूल नाही. तुला आहे. गेल्या वर्षी तू गिटारच्या तारा छेडायचं पातळ पिक बोटांतून निसटतं म्हणून जाड पिक वापरायला लागलास, मी तेव्हा चिडवलं होतं. आणि दोन महिन्यांपूर्वी आईकडे तुझी ठकी सपाट फरशीवर पळताना चार वेळा पडली. तुम्ही सगळे धांदरट म्हणून हसलात, मीही हसले. ती चवड्यांवर चालते, धाकट्या. टाच टेकत नाही. सहा वर्षांच्या मुलीची टाच टेकायला हवी. मी तुम्हा दोघांची वेळ घेतली आहे, मंगळवारी सकाळी अकरा, पत्ता मागे लिहिला आहे. तुझ्या बायकोला आज रात्री नको, आत्ता सांग. मंगळवारी मी तिथे असेन, तुझ्याशी बोलायला नाही. ठकी विचारेल, माझ्या पायांना काय झालंय. काही झालं नसेल तर मी देवाला नारळ फोडेन. झालं असेल तर जे असेल ते तिला तिच्या भाषेत, त्याच दिवशी सांग. एक नंबर म्हणू नकोस. तुझ्याने होणार नसेल तर बाजूला हो, मी सांगेन. मी तिची आत्या आहे.

तुझीच, कारण ते बदलता येत नाही,
ताई